दवाखान्याबाहेरचा आजार

डिमेन्शिया आपल्याकडे दवाखान्यात कमी आणि घराच्या ओसरीवर जास्त दिसतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी गोव्यात केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मरणशक्ती गेलेल्या, भान सुटत चाललेल्या एका वृद्ध माणसाचं वर्णन त्यांनी प्राथमिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांना ऐकवलं, गावात फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ऐकवलं, खुद्द ज्येष्ठांनाही ऐकवलं. असं कुणी तुमच्या पाहण्यात आहे का, असेल तर त्याला काय झालंय असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारलं. डॉक्टरांच्या पाहण्यात असे रुग्ण क्वचितच होते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहण्यात मात्र बरेच होते. दोघंही खरंच सांगत होते. घरच्यांच्या लेखी हे म्हातारपण होतं, आणि म्हातारपणासाठी कुणी केसपेपर काढत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती जास्त बोचरी आहे. माणूस असा का झाला, याचं लोकांनी दिलेलं कारण होतं मुलांनी केलेली आबाळ. जीव लावला नाही, नीट पाहिलं नाही, म्हणून आई भ्रमली. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने वाराणसीतल्या मोहल्ल्यांत राहून लिहिलेल्या आणि १९९८ साली आलेल्या पुस्तकातही हेच दिसतं. म्हातारं माणूस ताळतंत्र सोडून बोलायला लागलं की गल्लीतले लोक त्याच्या मेंदूविषयी बोलत नाहीत, त्याच्या सुनेविषयी बोलतात. आपल्याकडे वेगळं काय आहे? सासूबाई दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘मला दोन दिवस जेवायला दिलं नाही’ असं सांगत असतील, तर डॉक्टरकडे जाण्याआधी त्या घरातली सून शेजारणींना काय सांगायचं याच्या विवंचनेत असते. मग दार लावून घेतलं जातं. पाहुणे कमी होतात. लग्नकार्याला ‘त्यांना प्रवास झेपत नाही’ असं कळवलं जातं. आजार घरात कोंडला जातो आणि त्याच्याबरोबर सांभाळणारीही.

तुमच्या हातातलं हे पुस्तक म्हणजे एका अर्थाने जंत्री आहे. कुठे काय मिळतं, कोण काय करतं, कोणता कायदा कशाला लागतो, संशोधन कुठवर आलंय याची. जंत्रीला प्रस्तावना कशाला, असं कुणी विचारील. माझं उत्तर असं की पत्ते हातात आले तरी त्यांतला कोणता आधी वापरायचा हे कळत नाही, आणि आपल्याकडे लोक बहुधा उलट्या क्रमाने जातात. आधी मोठ्या शहरातला मोठा न्यूरॉलॉजिस्ट, मग एमआरआय, मग ‘यावर औषध नाही’ हे ऐकून घरी परत, मग देवदेव, आणि सगळं करून दमल्यावर कधीतरी, कुणाच्या तरी ओळखीने, अशाच घरातून गेलेल्या दुसऱ्या माणसाशी गाठ. ही शेवटची गाठ पहिली पडली असती तर अर्धे हाल वाचले असते, असं स्वमदत गटांच्या बैठकांत मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला ते मत वाटत नाही, अनुभवाचा निकाल वाटतो.

आकडे थोडक्यात सांगतो. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ म्हणजे एआरडीएसआय ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली. तिच्या २०१० सालच्या अहवालात देशात ३७ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज होता. त्यानंतर ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीने साठीच्या वरच्या चार हजारांहून अधिक लोकांची सविस्तर तपासणी केली. तिच्या आधारे २०२३ साली निघालेला अंदाज ८८ लाखांचा आहे. साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त. तेरा वर्षांत आजार दुपटीहून वाढला असं यातून कुणी काढू नये. म्हातारी माणसं वाढली हे खरं, पण मोजायची रीतही सुधारली. मुंबईत २००१च्या सुमारास चोवीस हजारांवर लोकांची जी पाहणी झाली, तिच्यात पासष्टीपुढचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत निघालं होतं. लासी-डॅडमध्ये त्या माणसाला चांगलं ओळखणाऱ्या घरच्या व्यक्तीचीही मुलाखत घेतली गेली. विसराळू माणसाला ‘तुम्ही विसरता का?’ असं विचारून भागत नाही, हे कुठल्याही घरातली मुलगी सांगेल.

या पाहणीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग एकूण आकड्याचा नाही. बायकांमध्ये प्रमाण नऊ टक्के, पुरुषांमध्ये सहाच्या आत. खेड्यांत आठच्या वर, शहरांत पाचच्या थोडं वर. म्हणजे जिथे शाळा पोचली नाही, तिथे हा आजार जास्त पोचला आहे. आणि आपले मेमरी क्लिनिक, डे-केअर, तज्ज्ञ, सगळे शहरांत. पुस्तकातले बहुतेक पत्ते मुंबई, ठाणे, पुणे, बंगळुरू, कोची असे का आहेत, याबद्दल संपादकांना दोष देऊ नका. जिथे काही आहे तिथलेच पत्ते देता येतात.

डॉक्टरकडे जाऊ नका, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट लवकर जा, कारण विसरभोळेपणाची काही कारणं बरी होणारी असतात. बी-१२ची कमतरता, जी शाकाहारी घरांत सर्रास सापडते. थायरॉइड मंदावणं. नैराश्य, जे म्हातारपणी हुबेहूब विसरण्याचं सोंग घेतं. झोपेच्या गोळ्या आणि एकावर एक चढत गेलेली इतर औषधं. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मार लागलेला असतो, त्या वेळी काही जाणवत नाही आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठत जातं. हे सगळं तपासून मगच अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे येणारा डिमेन्शिया, ल्यूई बॉडी वगैरे नावांकडे वळायचं असतं. निदान लेखी घ्या. तो कागद पुढे दहा ठिकाणी लागतो.

आता तपासणीविषयी, कारण इथे संशोधनाचा खरा उपयोग दिसतो. स्मरणशक्तीची जगभर चालणारी चाचणी अशी: आज वार कोणता, तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा आणि तसं करा, एक वाक्य लिहून दाखवा. मराठवाड्यातल्या शाळेची पायरी न चढलेल्या आजीला हे विचारलं तर ती नापास होणार, आणि तिचा मेंदू ठणठणीत असला तरी कागदावर डिमेन्शिया लागणार. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात हा घोळ निस्तरला. त्यांनी चाचणी हिंदीत नुसती उतरवली नाही, नव्याने घडवली. सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचून करायचं, त्याऐवजी समोरचा डोळे मिटतो, तो करतो तसं करायचं. वाक्य लिहायचं, त्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. इतकं साधं. पण अशा साध्या गोष्टीला वर्षं लागतात, गावकऱ्यांवर पडताळून पाहावी लागते, आणि नंतर कुणी तिचं कौतुकही करत नाही.

आयसीएमआरने अलीकडे अशाच चाचण्यांचा एक संच भारतीय भाषांत तयार केला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या त्याच्या पहिल्या पाच भाषा. मराठी त्यांत नव्हती. बारा कोटींच्या राज्याने याची खंत करावी. डॉक्टरांच्या खोलीत आपल्या आईवडिलांना इंग्रजी-हिंदीची सरमिसळ करून प्रश्न विचारले जात असतील, तर ‘यांना घरच्या बोलीत विचारा, मी मदत करते’ असं बेधडक म्हणा. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाचे गुण छापील मराठीनेही कापले जाऊ शकतात.

भाषेवरून आठवलं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली दाखवलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसू लागली. निरक्षर असले तरी. सीमाभागात तीन-तीन भाषा बोलणाऱ्यांनी यावर खूश व्हायला हरकत नाही. फक्त उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे, आणि दुसरीकडच्या सगळ्याच अभ्यासांत असंच दिसलं असंही नाही.

पण या सगळ्या संशोधनातला एकच अभ्यास वाचायचा असेल, तर मी पुन्हा गोव्याकडे बोट दाखवीन. डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देस या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला लगेच मदत, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. मदत म्हणजे काय? औषधाचा नवा शोध नव्हे. गावातल्याच, लिहितावाचता येणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांविषयी आस्था असलेल्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं. त्यांच्या मागे एक समुपदेशक आणि अधूनमधून मानसोपचारतज्ज्ञ. या कार्यकर्त्यांनी निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जायचं. हा आजार आहे, कुणाचा दोष नव्हे, हे समजावायचं. अंघोळ, जेवण, शी-शू यांत कुठे अडतंय ते पाहायचं. आरडाओरडा, संशय, रात्री जागणं यांवर काय करता येईल ते सांगायचं. गरज पडली तर तज्ज्ञांकडे पाठवायचं. वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती द्यायची, आणि अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून द्यायची.

सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्तापही कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या लक्षणांत मात्र संख्याशास्त्राने मान्य करावा असा फरक पडला नव्हता. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. आजार तिथेच होता, त्याच खाटेवर. पण त्याच्या शेजारी बसलेली बाई मोडली नाही. ज्या आजारावर बरं करणारं औषध नाही, त्यात एवढं साधणं म्हणजे उपचारच, आणि तो बारावी शिकलेल्या कार्यकर्त्याला करता येतो.

अशी कार्यकर्ती घरी येऊन नेमकं काय सांगते, त्याचा एक नमुना देतो. संध्याकाळ झाली की बऱ्याच घरांत आजोबा उठतात, टोपी घालतात, पिशवी घेतात आणि म्हणतात, ‘चला, मी निघतो आता घरी.’ चाळीस वर्षं ज्या घरात राहिले त्याच घरात उभे राहून. मुलगा समजावतो: ‘बाबा, हेच आपलं घर. ही बघा दारावर तुमच्या नावाची पाटी.’ बाबा चिडतात, मुलगा चिडतो, कडी लावली जाते, दार बडवलं जातं. शिकलेली कार्यकर्ती सांगते की वाद घालू नका, कारण त्या वेळी ते वादात नाहीतच. ‘कुठल्या घरी? कोण आहे तिथं?’ असं विचारा. ते आजोळच्या विहिरीविषयी बोलतील, वाट पाहणाऱ्या आईविषयी बोलतील. बोलू द्या. ‘चहा घेऊन निघू’ म्हणा. चपला घालून दोघं सोसायटीला एक फेरी मारून या आणि परत दारात येऊन ‘आलो बघा’ म्हणा. दिवे तिन्हीसांजेच्या आधीच लावून ठेवा, सावल्यांनी घाबरतात. दुपारी फार झोपू देऊ नका. यातलं काही रोज लागू पडेल असं नाही. पण चार युक्त्या हाताशी असल्या की सांभाळणाऱ्याला आपण अगदीच हतबल आहोत असं वाटत नाही.

महाराष्ट्रात असं जाळं गावोगाव नाही. शहरांत तुकड्यातुकड्यांनी काही उभं राहिलं आहे, ते बरंचसं रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी. एआरडीएसआयची मुंबईची शाखा आहे. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी डे-केअर चालवलं, आणि वसई-नालासोपारा भागात सिल्व्हर इनिंग्जचं ‘स्नेहांजली’ हे निवासी केंद्र आहे. पुण्याची गोष्ट जरा वेगळी. कॅनडात कॅल्गरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत पडली. पुढे पार्किन्सन्स मित्रमंडळानेही ती उचलली. मित्रमंडळाच्या सभांत कंपवाताचे रुग्ण आणि त्यांचे शुभंकर एकत्र बसतात, व्याख्यानं ऐकतात, गाणी म्हणतात, सहलींना जातात. डिमेन्शियात हे नेमकं जमत नाही, कारण शुभार्थी स्वतः उभा राहून बोलू शकत नाही आणि शुभंकराला त्याला सोडून सभेला यायची सोय नाही. इतर आजारांत रुग्ण संघटना चालवतात. इथे दमलेले नातेवाईक चालवतात, आणि रुग्ण गेला की त्यांपैकी पुष्कळ जण पाठ फिरवतात. त्यांना दोष कसा देणार? पण म्हणूनच हे गट सुरू होतात आणि चार-पाच वर्षांत थंडावतात.

वाणींच्या पाठबळावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट झाला होता. त्या दोघांनीच पुढे ‘अस्तु’ केला. संस्कृतचे प्रकांड पंडित असलेले अल्झायमरग्रस्त शास्त्री मोटारीतून उतरून एका हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे चित्रपट दाखवून नंतर चर्चा घडवण्याचं काम त्यांनी पुष्कळ केलं. माझ्या मते चित्रपटाचं मर्म शास्त्र्यांत नाही, माहुताच्या बायकोत आहे. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजाराचं नाव माहीत नसलेली, कानडी बोलणारी ती बाई या म्हाताऱ्याला लेकरासारखं भरवते, आणि त्याने काही आठवावं अशी तिची अपेक्षाच नसते. शिकलेल्या लेकीला मात्र बाबा पूर्वीचे हवे असतात. ज्येष्ठ नागरिक संघांनी भजनाच्या एखाद्या कार्यक्रमाऐवजी हा चित्रपट लावावा आणि मग तासभर गप्पा माराव्यात.

ब्यूरोच्या बायकांविषयीही दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण मध्यमवर्गीय घरांत प्रत्यक्ष शुश्रूषा त्याच करतात. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी, पुरुष रुग्णाला मामा. त्यांना डायपर बदलता येतो, पाठ फुटू न देता कूस बदलता येते, पण या आजाराचं प्रशिक्षण बहुतेकींना कुणी दिलेलं नसतं. आजी ‘माझ्या पाटल्या हिनेच चोरल्या’ असं ओरडतात आणि मावशी अपमानाने काम सोडून जाते. तिला पहिल्याच दिवशी ‘आजी असं म्हणतील, तो आजार आहे, आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ एवढं सांगितलं तर ती टिकते. परदेशातल्या मुलांनी पैसे पाठवताना हे ध्यानात ठेवावं. न्यू जर्सीहून कॅमेऱ्यात मावशीवर पाळत ठेवण्यापेक्षा तिच्याशी रोज पाच मिनिटं बोलणं जास्त कामाचं.

आता कागदपत्रं. या पुस्तकातलं सर्वांत कोरडं आणि सर्वांत उपयोगी प्रकरण तेच आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. निवृत्त शिक्षिका असलेल्या आजींना रिक्षातून बँकेत आणलं जातं. काउंटरवरची मुलगी म्हणते, अंगठा ठेवा. आजींना वाटतं कुणीतरी इस्टेट लिहून घेतंय. त्या हात मागे घेतात. मग ठेवतात, तर मशीन अंगठा घेत नाही. वयाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मागे रांग. आजी रडू लागतात. यातलं काहीच आवश्यक नाही. हा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो आणि पोस्टमन घरी येऊनही काढून देतो.

पेन्शनचं असं निभतं, खात्याचं निभत नाही. वडिलांनी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं की पुढची काळजी मिटली, असा सार्वत्रिक समज आहे. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचे अधिकारही संपतात. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत, पण तो वेळेचा आणि पैशाचा खेळ आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माणसाला शुद्धीत असतानाच आपल्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा देतो. त्यातून बँकेचे व्यवहार सुटत नाहीत. म्हणून निदान झाल्याबरोबर, आई किंवा वडील अजून समजून सही करू शकतात तोवर, संयुक्त खातं, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही तीन कामं उरकून घ्या. ‘आत्ताच कसं विचारायचं’ म्हणून थांबलेली घरं पुढे पस्तावलेली मी पाहिली आहेत.

औषधांबद्दल विचारणा होणारच. डोनेपेझिल, मेमँटिन ही जुनी औषधं काहींना काही काळ थोडा आधार देतात. लेकॅनेमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. त्याने ऱ्हासाचा वेग दीड वर्षात सुमारे सत्तावीस टक्क्यांनी मंदावला, पण तो अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आणि सलाइनवाटे औषध व वारंवार एमआरआय हे सगळं सांभाळून. व्हॉट्सअॅपवर येणारी ‘अल्झायमरवर औषध सापडलं’ ही बातमी एवढ्याच मापाची आहे. त्याच्या तुलनेत लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली जे सांगितलं, ते कमी चमकदार पण जास्त कामाचं. चौदा टाळता येण्याजोगी कारणं हाताळली तर जगातले जवळजवळ पंचेचाळीस टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आहेत. कमी शिक्षण, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण आहे. न घेतलेलं श्रवणयंत्र आणि न काढलेला मोतीबिंदूही आहे. डोक्याला होणारी इजाही आहे, तेव्हा हेल्मेटविरुद्ध दरवर्षी कंबर कसणाऱ्या पुणेकरांनी ही यादी सवडीने वाचावी.

संशोधनासाठी आपणही काही देऊ शकतो. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च पंचेचाळीशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा प्रकल्प चालवतं. शेतकरी, विणकर, घरकाम करणाऱ्या बायका आपला रक्तदाब, रक्त आणि स्मरण तपासू देतात, म्हणून भारतीय मेंदू कसा म्हातारा होतो हे पुढे कळणार आहे. १९९८ साली कोचीला ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा संशोधकांचा गट स्थापन झाला. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, म्हणून ते नाव. कुणी पाहणीचा कागद घेऊन दारात आलं, तर ओळखपत्र पाहा, संमतिपत्र वाचा, आणि शक्य असेल तर हो म्हणा.

पुस्तकातले दोन दूरध्वनी क्रमांक मात्र इथेच देऊन ठेवतो, कारण प्रस्तावना उभ्या उभ्या चाळून पुस्तक खाली ठेवणारेही असतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७, आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६. दुसरा क्रमांक सांभाळणाऱ्यांनी स्वतःसाठी वापरावा. दोन्हींवर मराठीत बोलता येतं.

राहिली एक विनंती. तुमच्या नात्यात, सोसायटीत, संघात असं एखादं घर असेल तर तिथे हे पुस्तक भेट म्हणून देऊन मोकळे होऊ नका. त्या घरातल्या बाईला वाचायला फुरसत नाही. पुस्तक तुम्ही वाचा. मग आठवड्यातून एक दुपार तिच्याकडे जाऊन आजोबांपाशी बसा, ते पुन्हा पुन्हा तेच सांगतील ते ऐका, आणि तेवढ्या वेळात तिला बँकेत, बहिणीकडे किंवा नुसतं झोपायला जाऊ द्या. आधी फोन करून दिवस ठरवा, आणि ठरवलेला दिवस चुकवू नका.